मांजराचा ‘रुसवा’

घरातील मांजर दोन दिवस माळ्यावर किंवा पलंगाखाली बसून राहिले, हाकेला आले नाही, वाटी भरलेलीच राहिली, की मराठी घरात त्याचे निदान बहुधा एका शब्दात उरकते : ते रुसले आहे. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले, तर दुसरे निदान तयारच असते : आता त्याचे वय झाले. या दोन्ही निदानांत मायेचा अभाव नसतो; अभाव असतो तो चौकशीचा. परिणामी असे मांजर पशुवैद्यकापुढे येते तेव्हा रोगाची बरीच मजल मारून झालेली असते, आणि ज्या दुखण्यावर साध्या गोळ्यांनी वा आहारातील फेरबदलाने वर्षानुवर्षे नियंत्रण ठेवता आले असते, त्यापुढे हात टेकण्याची पाळी येते.

यात मांजराच्या स्वभावाचाही वाटा आहे. मांजर शिकारी खरे, पण निसर्गात ते इतरांचे भक्ष्यही आहे. आपले दुबळेपण उघड न करण्यातच त्याची सुरक्षितता. कुत्रा विव्हळतो, लंगडतो, मालकाजवळ येऊन बसतो. मांजर दूर जाते, एवढेच. माणूस या दूर जाण्याला मनाचा भाव समजतो. वस्तुतः आजारी प्राण्याचे हे वागणे शरीराच्या गरजेतून येते, असे कॅलिफोर्नियातील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली सविस्तर मांडले. भूक मंदावणे, पडून राहणे, अंग चाटण्याचा कंटाळा या गोष्टी म्हणजे रोगाशी झुंजणाऱ्या शरीराने चालविलेली शक्तीची काटकसर होय. तेव्हा मांजर उदास दिसले, तर त्याचे मन कोणी दुखावले हे शोधण्याआधी त्याचे शरीर कोठे दुखते आहे हे शोधणे अधिक शहाणपणाचे.

या शोधाचे पहिले साधन अगदी साधे आहे, ते म्हणजे वजनाचा काटा. सामान्य मांजराचे वजन चार किलोच्या आसपास असते. त्यातील चारशे ग्रॅम गेले, तर दाट केसांखाली डोळ्यांना काहीच कळत नाही. पण हा एक-दशांश भाग झाला. साठ किलो वजनाच्या कारकुनाचे सहा किलो वजन विनाकारण उतरले, तर कचेरीत त्याची चर्चा होईल आणि घरची माणसे त्याला डॉक्टरकडे धाडल्याखेरीज राहणार नाहीत. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. दुधाचा हिशेब ज्या दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहिला जातो, तिथेच महिन्यातून एकदा हा आकडा लिहायला कष्ट पडत नाहीत.

वजन घटण्याची कारणे अनेक, आणि त्यातील काही चांगलीच फसवी आहेत. गळ्यातील थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथीचा अतिरेक हा म्हाताऱ्या मांजरांचा आज जगभर ओळखला जाणारा रोग. पण त्याची पहिली नोंद झाली १९७९ साली, न्यूयॉर्कमध्ये. या रोगात मांजर दुप्पट खाते, रात्री ओरडत फिरते, आणि तरीही वाळत जाते. ‘खाते तर चांगले’ या समाधानात घर असते. काही थोडी मांजरे मात्र याच रोगात उलट मलूल होतात व खाणे टाकतात. मधुमेहातही हेच कोडे : भूक शाबूत, पाणी पिणे वाढलेले आणि वजन घसरते. पुढे काही मांजरे मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागतात. मूत्रपिंडाचा विकार त्याहून अधिक कपटी म्हटला पाहिजे. मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता गेल्यावरच रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा वर चढतो. त्याआधी मोरीतले, बादलीतले, कुंडीखालच्या ताटलीतले पाणी मांजर वारंवार पिऊ लागले, ही खूण ज्याच्या लक्षात येते तो नशीबवान.

खाण्यापाशी येऊन, हुंगून परत फिरणाऱ्या मांजराला ‘नखरेल’ म्हणण्याची प्रथा आहे. त्याच्या तोंडात डोकावण्याची प्रथा नाही. दातांची मुळाशी होणारी झीज आणि सुजलेल्या हिरड्या यांमुळे भूक असूनही घास घेववत नाही. सांध्यांचेही तेच. बारा वर्षांहून मोठ्या १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांची तपासणी २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातील ९० मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या. खिडकीवर उडी मारणे सोडलेले मांजर म्हातारपणाने शांत झाले असे मानले जाते. त्याला उडी मारताना दुखते, ही शक्यता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आहाराविषयी जरा अधिक बोलले पाहिजे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या भाषेत इतके रुळले आहे की, दूध हेच त्याचे अन्न अशी पक्की समजूत होऊन बसली. दूध-पोळीचा काला हा असंख्य घरांत मांजराचा दोन वेळचा आहार आहे. परंतु आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचेनाशी होते. पातळ शौच आणि घटते वजन हे त्याचे फळ. याहून गंभीर गोष्ट म्हणजे टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही, ते मांस-मासळीतून मिळावे लागते. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांचा पडदा निकामी होतो हे १९७५ साली दिसून आले, आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो हे १९८७ साली. पोळीत टॉरिन नाही. पूर्वी हे निभावले, कारण काला खाऊन मांजर बाहेर जाई आणि उंदीर मारून आपली गरज भागवी. तिसऱ्या मजल्यावरील जाळी लावलेल्या सदनिकेतील मांजराला ती सोय उरलेली नाही. शाकाहारी घराची अडचण खरी आहे व तिची टवाळी करण्याचे कारण नाही. पण मांजर पाळायचे तर त्याच्या जातीला मानवेल असे तयार खाद्य तरी त्याला दिले पाहिजे. दुसरे टोक किनारपट्टीवर सापडते. केवळ कच्च्या मासळीवर पोसलेल्या मांजराला, काही जातींच्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असल्यामुळे, भूक मरणे व मान खाली लोंबणे असा विकार जडू शकतो. मासळी शिजवली की ते द्रव्य निष्प्रभ होते.

पिलांतील जंत आणि पिसवांमुळे होणारा रक्तक्षय या गोष्टी सर्वश्रुत आहेत. विषाणूंची गोष्ट तितकी परिचित नाही. मांजरांच्या रक्तकर्काचा विषाणू १९६४ साली ग्लासगोत सापडला, तर त्यांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात. या दोहोंपैकी एकही माणसाला होत नाही, हे मुद्दाम सांगणे आवश्यक आहे. कारण नुसत्या नावाला भिऊन मांजर बाहेर सोडून दिले जाऊ शकते. कोरोना कुळातील विषाणूमुळे तरुण मांजरांच्या पोटात पाणी होते, तो रोग तर दीर्घकाळ मृत्यूचा दाखलाच होता. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्या रेमडेसिव्हिरसाठी लोक दुकानोदुकानी वणवण करीत होते, त्याच्या मूळ रसायनाने अशी मांजरे बरी होतात हे २०१९ सालीच प्रसिद्ध झाले होते.

याचा अर्थ मांजराला मन नाही असा नव्हे. घरातील मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला, सोबतचे मांजर मेले, इमारतीच्या दुरुस्तीचे ठोके महिनाभर चालले किंवा घरात नवे मांजर आणले, तर मांजर खरोखर खंतावते व खाणे कमी करते. मात्र हे कारण शेवटी धरायचे असते, शरीराची तपासणी झाल्यावर. आणि कारण मनाचे असले तरी थांबायला वेळ नसतो. लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले की त्याच्या यकृतात चरबी साचून प्राणावर बेतते. दिवसभरात मांजराने अन्नाला तोंडच लावले नाही, तर पशुवैद्यकाला विचारावे. चार दिवस वाट पाहणे हा संयम नव्हे. घरातील औषधाच्या डब्याला तर हातच लावू नये. माणसाच्या तापावरचे पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला निष्प्रभ करता येत नाही. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

राहिला प्रश्न जायचे कोठे, याचा. मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूरला पशू व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ २००० साली स्थापन झाले. मोठ्या शहरांत मांजरांचे रक्त तपासणारे खासगी दवाखानेही निघाले, पण त्यांचे दर शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगाराला जड जातात. तालुक्याचा सरकारी दवाखाना गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी उभारलेला आहे, आणि शेतीप्रधान राज्यात ते योग्यच होते. परंतु तालुक्याची गावे आता शहरे झाली आहेत. निवृत्त, एकट्या माणसांच्या घरात मांजर ही अनेकदा एकमेव सोबत असते. पशुसंवर्धन खात्याने निदान जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात मांजराच्या रक्त-लघवीची तपासणी माफक शुल्कात आणि ठरलेल्या वारी करून देण्याची हमी घेतली, तर त्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागणार नाही. लागेल तो मांजर हाताळण्याचा सराव असलेला माणूस, आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांपासून दूर, मांजराची टोपली ठेवता येईल असे एक बाक.