चिरा सुटा निघाला पाहिजे

मुंबई-गोवा महामार्गावर बांद्याच्या अलीकडे इन्सुली लागते. या पट्ट्यात मातीत लावलेल्या जांभ्याच्या भिंती, किंदळाचे वासे आणि मंगलोरी कौले यांची जुनी घरे एकेक करून पडताहेत. जेसीबीने भिंत लोटली की चिरा, कौल, माती आणि लाकूड यांचा एकच ढीग होतो. चांगल्या दारा-खांबांना गिऱ्हाईक मिळते. उरलेला ढीग बहुधा एखाद्या खड्ड्यात किंवा वहाळाकाठी जातो. नव्या घरासाठी मात्र ट्रक भरभरून चिरे खाणीतून येतात. खाण सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर पडते आणि तो सडा पुन्हा भरून येत नाही. मालवण तालुक्यातली कुडोपीची कातळशिल्पे याच जांभ्यावर कोरलेली आहेत. 2022 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत.

यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो तो राडारोडा दळून खडी करण्याचा. शहरातल्या काँक्रीटसाठी तो ठीकच आहे. आयएस 383 या मानकाने 2016 मध्ये अशा खडीला मर्यादित परवानगीही दिली. पण अखंड चिरा दळणे म्हणजे तयार वस्तूचा कच्चा माल करणे. जांभा जमिनीत मऊ असतो आणि उघड्यावर आला की टणक होतो, हे सर्वेक्षक फ्रान्सिस ब्युकॅननने 1807 मध्ये मलबारच्या वर्णनात नोंदवले होते. म्हणजे जुना चिरा मुरलेला असतो. तो परत मिळणार की नाही, हे ठरते जोडावर. मातीतला किंवा चुन्यातला चिरा पहारीने सुटतो, तासून पुन्हा लागतो. सिमेंटचा कडक माल चिऱ्यापेक्षा घट्ट बसतो. भिंत उकलायला गेले तर जोड तसाच राहतो आणि चिरा फुटतो. आज सिमेंटमध्ये चिणलेले घर उद्या पाडायचे झाले, तर हाती फक्त चुराच येणार. म्हणून पुनर्वापराचा विचार पहिल्या थरापासूनच हवा.

इथल्या पावसात मातीचा जोड टिकत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण माती आणि कडक सिमेंट यांच्यामध्ये बरेच काही आहे. 1 भाग सिमेंट, 2 भाग चुना, 9 भाग वाळू हा मिश्र माल मान्यताप्राप्त आहे. जोत्याला आणि दारांच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा दिला की भिंत बांधली जाते. कौले माकडे फोडतात म्हणून लोक स्लॅबकडे वळले, यातही त्यांची चूक नाही. त्याच स्लॅबमध्ये जुनी कौले वापरता येतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या खालच्या बाजूला, जिथे काँक्रीटवर फारसा भार येत नाही, तिथे सळयांच्या मधल्या चौकटींत कौले बसवली. काँक्रीट वाचले आणि सिमेंटही. जगाच्या कार्बन उत्सर्जनातला सुमारे 7 ते 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, म्हणून ही बचत लहान मानू नये.

मजुरीचा आक्षेप जास्त जड आहे. यंत्र दिवसभरात जे पाडते, ते हाताने उतरवायला कितीतरी दिवस लागतात. घर बांधताना आधीच कर्ज काढलेल्या माणसाने हा भार एकट्याने सोसावा, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अशा अपेक्षेला कायद्याचाही आधार नाही: बांधकाम राडारोड्याच्या 2025 च्या नियमांत उत्पादकाची वाढीव जबाबदारी 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आहे. इन्सुलीसारख्या गावात एवढे बांधकाम होते कुठे? म्हणून सुरुवात सरकारी इमारतींपासून व्हावी. जिल्हा परिषदेच्या कौलारू शाळाखोल्यांचे निर्लेखन होते, तेव्हा चिरे, कौले, वासे यांची वेगळी मोजणी व्हावी, हाताने उतरवण्याची मजुरी अंदाजपत्रकात धरावी आणि तोच माल नव्या खोलीच्या कुंपणात, व्हरांड्यात, स्वच्छतागृहात लावण्याची अट निविदेत असावी. त्यातून गवंड्यांचा चुन्यावरचा हात पुन्हा बसेल आणि जुन्या चिऱ्याला बाजारात भाव ठरेल. तो ठरला की घरमालकालाही जेसीबी बोलावण्याआधी हिशेब करून बघता येईल.