पिकलेली सर्दी

‘डॉक्टर, मला सायनस आहे.’ दिवाळीच्या आगेमागे ओपीडीत हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं, एकदा मोजून पाहा. सायनस तर तुम्हाआम्हा सगळ्यांनाच असतात. पण पेशंट निदान करूनच आलेला असतो आणि आपण पुष्कळदा त्याखाली नुसती सही करतो.

मीही केली आहे. एक शिक्षिका दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात यायच्या. नाक चोंदलेलं, डोकं जड. मी अँटिबायोटिकचा कोर्स लिहायचो आणि त्यांना ‘गुण’ यायचा. चौथ्या वर्षी जुने केसपेपर सहज एकाखाली एक ठेवले आणि ओशाळलो. तिन्ही नोंदी त्याच पंधरवड्यातल्या, ताप एकातही नाही. ‘खाज’ हा शब्दही कुठेच नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं, तर बाईंनी टाळूला जीभ घासून आवाजच काढून दाखवला. डोळे चुरचुरतात, सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, आणि साफसफाईला माळा काढला की विचारूच नका! नाकात टॉर्च टाकला तर टर्बिनेट फिकट, निळसर, सुजलेले. जिवाणू काही पंचांग बघून येत नाहीत.

मग आपण फसतो कुठे? बहुतेक वेळा शेंबडाच्या रंगात. आजी म्हणायची, सर्दी पिकली, आता उतरेल. आपण एवढं शिकून नेमका उलटा अर्थ लावला: पिकली म्हणजे पू, पू म्हणजे अँटिबायोटिक. वास्तविक तो हिरवट रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेझ या विकराचा. विषाणूच्या साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा होतोच. एवढ्यापुरती तरी आजी बरोबर होती.

एक्स-रेची कथाही तीच. १९९४ मध्ये ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांनी साधी सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचे सीटी स्कॅन केले. ८७ टक्के लोकांच्या मॅक्सिलरी सायनसमध्ये बिघाड दिसला. ज्यांचा स्कॅन दोनेक आठवड्यांनी पुन्हा झाला, त्यांतल्या बहुतेकांचा बिघाड अँटिबायोटिकशिवायच निवळला होता. ‘पीएनएस एक्स-रे काढून या’ असं आपण म्हणतो, तेव्हा साध्या सर्दीतही धूसर सायनस दिसू शकतो हे विसरतो.

उरतात ते दिवस. २०१२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी जिवाणूंच्या सायनुसायटिसचे तीन नमुने सांगितले: दहा दिवस उलटूनही उतार नाही, सुरुवातीलाच सलग तीन-चार दिवस १०२ ताप आणि सोबत पू किंवा चेहऱ्याचं दुखणं, किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटू लागलेली सर्दी पुन्हा उलटणं. प्रौढांच्या शंभर सर्द्यांत हे फार तर दोघांना होतं. दहा दिवसांच्या नियमात मात्र एक खड्डा आहे. ॲलर्जीचा पेशंटही दहा दिवसांत बरा होत नाही, महिनाभर तसाच राहतो. तेव्हा नुसते दिवस मोजून भागत नाही, त्या दिवसांची चाल विचारावी लागते. सकाळी वाईट, दुपारी ठीक, घर बदललं की बरं, असा चढउतार असेल तर ॲलर्जी. एका बाजूचा गाल, वरच्या दाढा, वाकलं की वाढणारी ठणक, सोबत घट्ट पू आणि गेलेला वास असेल तर सायनुसायटिस. नुसतंच डोकं दुखत असेल, तर आधी मायग्रेन आठवा. २००४ च्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणणाऱ्या सुमारे ३ हजार जणांपैकी ८८ टक्के मायग्रेनच्या निकषांत बसले होते.

ॲलर्जीच्या उपचारांबद्दल दोनच गोष्टी. स्टेरॉइडचा स्प्रे लिहून देणं पुरेसं नाही, तो मारून दाखवा: उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, पडद्यापासून दूर. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागू शकतात हेही सांगा, नाहीतर पेशंट तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांत नाक मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिनच्या थेंबांकडे वळतो आणि महिन्याने तेच थेंब नाक बंद करतात. दुसरी गोष्ट, माँटेलुकास्ट. लेव्होसेटिरिझिनसोबतची ती गोळी आपण चुरमुऱ्यांसारखी वाटतो. मानसिक दुष्परिणामांमुळे २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. झोप बिघडली का, चिडचिड वाढली का, हे विचारायला अर्धा मिनिट पुरतो.

आणि २०२१ चा म्युकरमायकोसिसचा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. मधुमेही पेशंटचा एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली, पापणी सुजली किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर दिवस मोजत बसू नका. त्याच दिवशी ईएनटीकडे पाठवा.

त्या शिक्षिका आता घटस्थापनेलाच स्प्रे सुरू करतात. तीन दिवाळ्या छान गेल्या. गेल्या वर्षी मात्र त्यांची सर्दी सहाव्या दिवशी उलटली, ताप आला, उजव्या गालावर बोट टेकवताच कळवळल्या. ‘ॲलर्जीच असेल ना हो?’ असं त्यांनीच विचारलं. मी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट लिहून दिलं.