व्हालीला वाट द्या!

आपण स्लाइडमागून स्लाइड दाखवत सुटतो, आकडे फेकतो आणि समोरचा क्लायंट ढिम्म हलत नाही. ओळखीचं वाटतंय ना? मग ही गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका माशाची गोष्ट वाचाच. तिच्यात सायन्स आहे, ब्रँडिंग आहे आणि गरिबाच्या खिशाला बसलेली चाटसुद्धा आहे.

मासा म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असलं, तरी हा देवमासा नव्हे. देवमासा सस्तन प्राणी, तो श्वासासाठी पाण्यावर येतो. हा मात्र कल्ल्यांनी श्वास घेणारा, मुशीच्या जातकुळीतला मासा. चांगला वाढला की बसएवढा लांब, जगातला सगळ्यात मोठा! पण स्वभावाने अगदी गरीब. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं आणि त्यातले बारीक जीव गाळून खायचे, एवढाच त्याचा उद्योग.

नव्वदच्या दशकात वेरावळच्या आसपास याची बेसुमार शिकार व्हायची. गळाला पिंपं बांधायची, ती ओढून ओढून मासा दमला की किनाऱ्याला आणायचा. म्हणून तिथे त्याचं नावच पडलं होतं ‘बॅरल’. यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायला आणि मांस परदेशी. माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात हे सगळं दाखवलं आणि २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. वाघाच्या पंगतीत बसलेला हा आपल्याकडचा पहिला मासा.

पण कायदा होतो दिल्लीत आणि जाळं असतं समुद्रात. शिकार थांबवायची तर कोळ्याला पटायला हवं ना! २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम काढली आणि साद घालायला बोलावलं मोरारी बापूंना. बापूंनी आकडे नाही सांगितले. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असं त्यांनी मांडलं. ‘बॅरल’ची झाली ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. आता माहेरवाशिणीवर गळ कोण टाकणार? चुकून जाळ्यात आलेली व्हाली सोडण्यासाठी कोळी आपलं जाळं स्वतः कापू लागले. आजवर अशा नऊशेहून जास्त व्हाली समुद्रात परत गेल्यात.

आता यातली गंमत. व्हेल शार्कची वीण समुद्रात होताना आजवर कुणी पाहिलेलीच नाही. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं सापडली, त्यावरून कळलं ते कळलं. शिवाय जगात बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यालगत जमणारा घोळका तरण्या नरांचाच असतो. म्हणजे माहेरी आलेली लेक पुष्कळदा मिसरूड फुटलेला मुलगाच निघायची! पण म्हणून बापूंची गोष्ट वाया गेली का? मुळीच नाही. तिने वेळ मिळवून दिला. आणि या माशाला वेळच हवा असतो.

कसा, ते बघा. माशाच्या मणक्यावर झाडासारखी वलयं असतात, पण एक वलय म्हणजे किती काळ, यावर वाद होता. तो मिटवला चक्क अणुबॉम्बने. पन्नास-साठच्या दशकांतल्या चाचण्यांनी हवेत सोडलेला कार्बन-१४ समुद्रातल्या जिवांमध्येही उतरला होता. त्याची खूण धरून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की एक वलय म्हणजे एक वर्ष. तपासलेल्यांपैकी एक मासा पन्नाशीचा निघाला. वयात यायलाच यांना दोन-तीन दशकं लागतात. आज एक मारला, तर त्याची जागा भरायला आपली अख्खी नोकरी जायची.

मोजदादही भारी. पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी. हबल दुर्बिणीच्या फोटोंमधले तारे जुळवायला वापरायचं गणित २००५ मध्ये या ठिपक्यांना लावलं गेलं. तेव्हापासून हौशी डायव्हरने काढलेला फोटोही संशोधनाच्या कामाला येतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. कोळ्याचं जाळं म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि ईएमआय दोन्ही एकदम. ते कापायला जिगर लागते. गुजरातमध्ये त्याची भरपाई मिळते. महाराष्ट्रातही २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित जीव सोडताना जाळं कापलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाईची योजना आली. जाळ्याचे पैसे भरून निघतात, वाया गेलेला दिवस नाही.

म्हणजे कोळ्याने आपला वाटा उचलला. आपलं काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेतीनशेच्या आसपास व्हेल शार्कचे सॅटेलाइट टॅग आणि मोठ्या जहाजांचे मार्ग एकमेकांवर ठेवून पाहिले. या माशांच्या वावरापैकी ९२ टक्के क्षेत्रात जहाजांची ये-जा निघाली. गजबजलेल्या मार्गांवर काही टॅग अचानक बंद पडले होते. काहींनी तर मासा हळूहळू तळाला जात असल्याची नोंद करून ठेवली होती. धडक बसलेला मासा बुडतो. ना जाळं, ना रक्त, ना फोटो, ना बातमी.

त्या जहाजांत काय असतं? आपले फोन, शूज, सोफे. जिथे हे मासे जमतात, तिथे हंगामापुरता वेग कमी करणं हा उपाय शास्त्रज्ञ सांगताहेत. त्याने माल थोडा उशिरा येईल, एवढंच. वेरावळच्या कोळ्याने स्वतःचं जाळं कापलं. आपल्याला फक्त पार्सलची थोडी वाट बघायचीय.