शाळा सुटल्यावर मुले जातात कोठे?

सीमाभागातील मराठी तरुण १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, १७ जानेवारीस १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु उरलेल्या दिवसांत सायंकाळी शाळेबाहेर पडणाऱ्या त्याच्या धाकट्या भावंडास ‘ये, बैस’ म्हणणाऱ्या जागा आम्ही किती निर्माण केल्या? चळवळीत वीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यांनी हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारला पाहिजे.

विज्ञानाचेच पाहा. उपकरणे आणली, प्रदर्शन भरविले, फीत कापली, की आमचे कर्तव्य संपते. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकास कुलूप! मूल विज्ञानात टिकते ते उपकरणामुळे थोडेच? वाट पाहणारे चार सोबती आणि चुकले तरी न हसणारे एक वडीलधारे माणूस असेल, तरच ते दुसऱ्या आठवड्यास परत येते. तालमीत हे कोणास सांगावे लागत नाही. वस्ताद एक, पठ्ठे वीस; नव्यास डाव दाखवितो तो त्याच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा पठ्ठा, आणि वस्तादाची नजर दोघांवर. मोठ्यांपुढे एकट्याने तोंड न उघडणारे मूल बरोबरीच्यांत बिनदिक्कत शंका विचारते. मंडळी असली म्हणजे मुलींचे पालकही निर्धास्त राहतात.

१९९३ साली देशव्यापी झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची घडण हीच. तिचे बीज पडले ग्वाल्हेरात, आपल्या मराठी मंडळींच्या जुन्या ठिकाणी! १० ते १७ वर्षांची मुले, सोबत मार्गदर्शक, विषय आपल्या परिसरातला आणि मांडणी आपल्या भाषेत.

बेळगावास विषयांचा तोटा आहे काय? पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरून भात कुजविते. ते किती चढले, किती दिवस राहिले, हे पाच मुलांनी खुणेची काठी रोवून रोज मराठीत टिपावे. सोबत एखादी निवृत्त शिक्षिका किंवा उद्यमबागेतील फाउंड्रीचा तंत्रज्ञ असावा. शेजारचे कन्नड शाळेतील मूल आले, तर त्यासही बसू द्यावे. पाण्याची उंची दोन्ही भाषांत सारखीच भरते.

काही सहकारी म्हणतील, हा लढ्याला फाटा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. जे मूल मराठीत प्रश्न विचारावयास शिकलेच नाही, ते उद्या मराठीसाठी रस्त्यावर कशाला उतरेल?

गणेशोत्सव मंडळांच्या कितीतरी खोल्या उत्सव सरला की बंद असतात. त्यांपैकी एकीची किल्ली येत्या शनिवारी मागून घ्यावी.