चौथी ओळ म्हणजे नक्की कोण?

टेबलातल्या निवडलेल्या ओळीतून माहिती काढणं हा डेस्कटॉप प्रोग्रॅमिंगमधला बिगरीतला धडा समजतात. मला तसं वाटत नाही. इथली चूक दिसत नाही, म्हणून हा धडा अवघड आहे. (नातेवाईक मंडळी, पळू नका. तुम्हाला कळेल असंच लिहितोय.)

नया नगरातल्या एका छोट्या दवाखान्याला मी जावामध्ये प्रोग्रॅम लिहून दिलाय. पडद्यावर पेशंटची यादी. काउंटरवरची मुलगी एका ओळीवर क्लिक करते, ओळ निळी होते, बटण दाबलं की केसपेपर छापून येतो. बस्स.

आता निळी ओळ कुठली, असं जावाच्या जेटेबलला विचारलं की ते माणूस सांगत नाही, आकडा सांगतं. शून्यापासून मोजलेला. काहीच निवडलेलं नसेल तर उणे १. तो न तपासता पुढे गेलात तर प्रोग्रॅम बोंब मारतो, आणि मारलेली बरी! खरी गोम पुढेच आहे. २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून या टेबलाला सॉर्टिंगची सोय मिळाली. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा, नावं अकारविल्हे लागतात. पण फक्त पडद्यावर. आतली मूळ यादी (तिला मॉडेल म्हणतात) जागची हलत नाही. म्हणजे पडद्यावरची चौथी ओळ आणि मॉडेलमधली चौथी ओळ ही दोन वेगळी माणसं असू शकतात. आकडा तसाच मॉडेलला दिलात तर भलत्याचा केसपेपर हातात. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. ज्याला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे त्याच्या हातात दुसऱ्याचा कागद गेला तर काय, हा विचार मनात आला की झोप उडते.

पडद्यावरचा आकडा मॉडेलच्या आकड्यात बदलून देणारं फंक्शन जावातच आहे. एका ओळीचं काम. पण बहुतेक जण कुठला तरी तयार तुकडा उचलतात, न सॉर्ट केलेल्या यादीवर एकदा चालवून बघतात आणि खूश होतात.

'मग नावावरून शोधा की' असं एक मित्र म्हणाला. अरे बाबा, नया नगरात? इथे शेख, खान, अन्सारी, सय्यद... एकाच इमारतीत एकाच नावाचे दोघं सहज सापडतील. (आपल्या गावी तरी काय, घरटी एक बाळू!) म्हणून मॉडेलमधून फक्त केसपेपर नंबर घ्यायचा आणि बाकी सगळं त्या नंबरावरून डेटाबेसमधून आणायचं. तो नंबरही 'पडद्यावरचा पहिला रकाना' म्हणून उचलायचा नाही, कारण जेटेबलमध्ये माउसने रकाने ओढून इकडचे तिकडे करता येतात, आणि लोक करतात.

शिकवणाऱ्यांना माझी एकच विनंती. डेमो दाखवताना आधी शीर्षकावर एक क्लिक करून यादी उलटीपालटी करा, मग ओळ निवडा. बघू किती जणांचे प्रोग्रॅम टिकतात.