गाजरगवत आणि शिंकांचा विकार

पावसाळा सरत आला कीं गांवोगांव शिंका, नाकाला पाणी व डोळ्यांना खाज यांची तक्रार सुरू होते. लोक तिला पडसें समजून सोडून देतात. परंतु पडसें आठ-दहा दिवसांत उतरतें. हा विकार महिना महिना टिकतो आणि दरवर्षीं त्याच सुमारास परततो. इंग्रजींत यास वाळल्या गवताचा ताप म्हणतात, पण त्यांत ताप नसतो. इंग्लंडांतील डॉ. ब्लॅकली यांनीं स्वतःवर प्रयोग करून १८७३ सालीं दाखवून दिलें कीं, त्याचें मूळ फुलोऱ्यांतील परागांत आहे.

आपल्याकडे अशा परागांचें एक मोठें आगर म्हणजे गाजरगवत. पुण्यास १९५५ सालीं तें आढळल्याची नोंद झाली व पुढें तें देशभर पसरलें. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यांत तें फुलतें आणि एका झाडापासून हजारों बिया पडतात. त्याच्या स्पर्शानें अनेकांच्या अंगावर खाजरे चट्टेही उठतात.

आम्हीं महसूल खात्यांत पुष्कळ वर्षें नोंदी लिहिल्या. सातबाऱ्यावर शेतास मालक असतो. गायरान व रस्त्याची कड यांस मात्र धनी असून नसल्यासारखा. गाजरगवत नेमकें तेथेंच माजतें, आणि एकट्यानें आपलें शेत निर्मळ ठेविलें तरी पराग व बीं बाहेरून येतेंच.

कोणी म्हणेल, मेक्सिकोचे भुंगे १९८४ सालीं बंगळुरास सोडले, ते हें गवत खातातच. खातात खरे, परंतु तेवढ्यानें तें निर्मूल झालेलें नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, मंडळानें दर आषाढांत एक दिवस नेमावा. जमीन ओली असतां, फुलें येण्यापूर्वीं, साऱ्या गांवानें तें मुळासकट उपटावें. हातांत मोजे व नाकास फडकें असावें. ज्यांस हा विकार आहे त्यांनीं या कामापासून दूर राहावें.

रोग्यानें शेतांतून येतांच तोंड-हात धुवावे व कपडे बदलावे. उकळून निवविलेल्या पाण्यांत किंचित मीठ घालून नाक धुतल्यास आराम पडतो. औषध डॉक्टरांस विचारूनच घ्यावें. कांहीं गोळ्यांनीं गुंगी येते, तेव्हां ट्रॅक्टर चालवूं नये. छाती घरघरूं लागल्यास दवाखाना गांठण्यास विलंब करूं नये.

बांध कोणाचा हा वाद मोजणीवर सोपवावा. त्यावरचें गवत मात्र सर्वांनीं मिळून उपटावें.