नागमोडी रेघ

धर्म किंवा संतसाहित्यावर पीएच.डी. करायला निघालेला विद्यार्थी ‘आधी काय वाचू?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा संशोधन पद्धतीचे गाइड पडते. त्यात संशोधनाच्या व्याख्या असतात, प्रकार असतात, शेवटी संदर्भसूची कशी लावायची तेही असते. नसते ते एवढेच, की पुरावा अपुरा असताना प्रामाणिक माणसाने काय लिहायचे. म्हणून माझी पहिली शिफारस पद्धतीच्या पुस्तकाची नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वाला विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ साली जोडलेली प्रस्तावना आधी वाचावी आणि शेजारी तो ग्रंथ उघडा ठेवावा. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. हस्तलिखितांची साक्ष पुरेशी नव्हती, म्हणून ती मूळ संहितेत राहिली नाही; पण टाकूनही दिली नाही, परिशिष्टात छापली. पानाच्या तळाशी पाठभेद दिले आहेत आणि जिथे संपादकाची पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली आहे. श्रद्धेच्या ग्रंथावर काम करताना लागणारा सगळा विनय त्या रेघेत आहे.

सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. खात्री किती, हे मोजून सांगण्याची शिस्त संख्याशास्त्राचीही आहे. तिच्यासाठी फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्ह्स यांचे ‘स्टॅटिस्टिक्स’ घ्यावे. ते सूत्रांनी सुरू होत नाही. १९५४ साली पोलिओची लस कशी पारखली आणि तुलना कोणाची कोणाशी करायची, इथून सुरू होते. अध्यात्माला आकडेमोड कशाला, असा आक्षेप येईल. पण आकडे या क्षेत्रात केव्हाच शिरले आहेत. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक ए. क्यू. मॉर्टन यांनी १९६०च्या दशकात वाक्यांची लांबी आणि ‘आणि’ या अर्थाचा ग्रीक शब्द संगणकावर मोजून संत पौलाच्या नावावरची बहुतेक पत्रे त्याची नाहीत, असे जाहीर केले. एका टीकाकाराने तसलीच मोजणी जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’वर करून पाहिली, तर ती कादंबरी पाच जणांनी लिहिली असे उत्तर आले! हा दावा आणि त्याचे खंडन, दोन्ही कळायला थोडे तरी संख्याशास्त्र यावे लागते. ज्याला ते येत नाही, तो आकड्याला एक तर शरण जातो, नाही तर न वाचताच झिडकारतो.

संदर्भ देण्याचे नियम नकोत, असे मी म्हणत नाही. केट तुराबियनचे मॅन्युअल टेबलावर असावे, ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याने नॅन्सी व्हायमाइस्टर यांचे पुस्तकही जवळ ठेवावे; पण ही अडले की उघडायची पुस्तके आहेत. प्रस्तावनेपासून मॅन्युअलपर्यंत हे सगळे इंग्रजीत आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि मला तो बोचतो. पुण्यात लिहिलेली प्रस्तावना मराठी विद्यार्थ्याला मराठीत शिकवली जावी, हे आपल्या विद्यापीठांचे काम आहे. मराठी संतसाहित्यालाही पाठाची आणि मोजणीची, दोन्ही शिस्ती लागतात. तुकोबांच्या अभंगांत ‘विठ्ठल’ किती वेळा येतो, हे आज संगणक क्षणात मोजून देईल. पण विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादित केलेली, १८७३ साली पूर्ण झालेली गाथा घेतली की दुसरी कोणती, तिच्यात कोणते अभंग आहेत आणि कोणते नाहीत, हे त्या आकड्याच्या आधी लिहावे लागते.